‘हो, ठेवली’ इंग्रजीत का चालत नाही?

‘किल्ली टेबलावर ठेवलीस का?’ ‘हो, ठेवली.’ मराठीत एवढं पुरतं. किल्लीचं नाव गाळलं तरी ‘ठेवली’तल्या ईकारात ती हजर असते. इंग्रजी क्रियापदाला कर्माचं लिंग कळत नाही. म्हणून तिथे ‘आय पुट’ एवढ्यावर वाक्य अडतं. ‘आय पुट इट देअर’ म्हणावं लागतं. ‘पुट’ला कर्म हवंच, शिवाय जागाही हवी. भलतंच हट्टी क्रियापद.

अर्थावरून अंदाज बांधायला जावं तर तो फसतो. ‘ईट’ म्हणजे खाणं, ‘डिव्हावर’ म्हणजे अधाशासारखं खाणं. ‘वी एट ॲट नाइन’ बिनचूक; ‘वी डिव्हावर्ड ॲट नाइन’ म्हटलं की ऐकणारा विचारणार, काय? ‘ड्रिंक’ची तऱ्हा आणखी निराळी. ‘ही ड्रिंक्स’ म्हटलं की दारूच समजायची. इथे मात्र मराठी माणसाला शिकवणी लागत नाही, ‘तो पितो’ आपणही त्याच अर्थाने म्हणतो.

आपली खरी गफलत ‘डिस्कस’पाशी होते. ‘विषयावर चर्चा’ मनात असते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ तोंडात येतं. ‘डिस्कस’ थेट कर्म घेतं: ‘डिस्कस द बजेट’. नुसतं ‘लेट अस डिस्कस’ कचेऱ्यांत सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत ते अपुरं वाटतं.

ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना हीच अडचण ओळखली. त्यांचा 1942 साली टोकियोत निघालेला कोश कुठलं क्रियापद कशा रचनेत बसतं तेही सांगतो. आजच्या विद्यार्थी-कोशांत क्रियापदापुढे ‘टी’ असेल तर सकर्मक, ‘आय’ असेल तर अकर्मक. ‘ईट’पुढे दोन्ही दिसतात.