डोलकाठी मोडली, पुढे काय?

सप्टेंबर २०१८. भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने दक्षिण हिंदी महासागरावरून टिपलेल्या छायाचित्रांत गोव्यात बांधलेली ३२ फुटी शिडाची बोट ‘थुरिया’ दिसते. मोडलेली डोलकाठी कडेला लोंबतेय, शिडं पाण्यात पसरलीत. आत कमांडर अभिलाष टॉमी पाठीला जबर दुखापत होऊन पडलेले. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत २१ सप्टेंबरच्या वादळाने बोट पार उलटीपालटी केली होती. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना वाचवलं.

खरा धोका त्या लोंबत्या काठीचाच. तारा-दोरांनी ती बोटीला अडकलेलीच असते आणि दर लाटेला तिचं तुटकं टोक बोटीच्या अंगावर आदळत राहतं. भोक पडलं की खेळ खलास. समुद्र शांत असेल, माणसं हाताशी असतील, तर ती वर ओढून घ्यावी. पुढे तिचाच तुकडा कामी येतो. खवळलेल्या पाण्यात मात्र किमतीचा विचार न करता सोडून द्यावी. त्यासाठी बोल्ट कटर लागतो, पण पोलादी तार कापत बसण्यापेक्षा तिच्या टोकाची पीन ठोकून काढणं कित्येकदा लवकर होतं. म्हणूनच त्या पिनेला अडकवलेल्या बारीक खिट्टीची टोकं जाणते खलाशी फार दुमडून ठेवत नाहीत. गारठलेल्या बोटांनी, अंधारात ती सरळ करायची वेळ येऊ शकते.

इंजिन चालू करायची घाई नडते. पाण्यातला एखादा दोर पंख्यात गुंडाळला, तर तेही गेलं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. काठी गेल्यावर बोट शांत होत नाही, उलट झटके देऊन डोलू लागते. कारण उंचावरचं ते वजनच डोलण्याला संथ ठेवत असतं. वायरलेसचा अँटेनाही बहुधा काठीच्या शेंड्यावर असतो, म्हणजे तोही बुडाला. हातातला वेगळा संच हवाच.

मग जुगाड. त्याच शर्यतीत नॉर्वेच्या आरे विग यांची डोलकाठी केपटाऊनपासून सुमारे ४०० सागरी मैलांवर गेली. तात्पुरती काठी उभारून ते कोणाच्याही मदतीशिवाय बंदरात पोचले.

बहुतेक वेळा आधी दगा देते ती काठी नव्हेच, तर एखादी तार, पीन नाहीतर बोल्ट. फ्रान्सच्या जाँ-ल्यूक व्हान डेन हीड यांच्या बोटीला नोव्हेंबरात केप हॉर्नच्या अलीकडे लाटेने लोळवलं, तेव्हा खालच्या तारांचा बोल्ट डोलकाठीला चीर पाडत खाली सरकला आणि तारा सैल पडल्या. काठी उभी होती, पण भरवशाची नव्हती. हा म्हातारा हलत्या काठीवर पुन्हा पुन्हा चढला, दोरांनी बांधाबांध केली आणि बेताने शिडं लावत निघाला. २९ जानेवारी २०१९ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, तो शर्यत जिंकला. निघण्यापूर्वी त्याने ही काठी दीडेक मीटरने आखूड करून घेतली होती.