धानाच्या जिल्ह्यातली बीबीए

गेल्या साठ वर्षांत भंडारा जिल्ह्यात मोठे कारखाने आले ते आपापले साहेब सोबत घेऊनच. १९६४ साली जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली, १९८२ मध्ये गडेगावला अशोक लेलँड आली, पुढे वरठीला सनफ्लॅगची पोलाद भट्टी. कामगार आजूबाजूच्या गावांनी पुरवले. अधिकारी मात्र केंद्रीय परीक्षेतून किंवा कंपनीच्या मुख्यालयातून यायचे. त्यामुळे व्यवस्थापन म्हणजे कंपनीतली खुर्ची आणि ती बाहेरच मिळायची, हे इथल्या घरांत पक्के बसले. बीबीए, एमबीएची लाट आली तेव्हा तिचीही वाट तीच ठरली: आधी नागपूर, मग पुणे, आणि बँक, विमा किंवा विक्रीची नोकरी. पदवीत खोट होती असे नाही. जिल्ह्यातला सर्वांत मोठा धंदा मात्र तिच्या नजरेतून निसटला.

तो धंदा धानाचा. शासन आधारभूत केंद्रांवर धान घेते (२०२४-२५ च्या हंगामात साधारण प्रतीला २३०० रुपये क्विंटल) आणि भरडाईसाठी राईस मिलना देते. मिलवाला हमी भरून धान उचलतो आणि क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारी गोदामात जमा करतो. ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की खरेदीच अडते. भरडताना तुकडा वाढला की लॉट परत येतो. हमीत पैसा अडकलेला, वाहतुकीचे भाडे थकलेले, आणि कोंडा कुठल्या भावाने विकायचा ही वेगळीच चिंता. खेळते भांडवल, साठा, करार, गुणवत्ता: पाठ्यपुस्तकातले निम्मे धडे एका गिरणीच्या आवारात सापडतात. पण ते शिकवतात दिवाणजी, तेही नुकसान झाल्यावर.

हे धडे बीबीएच्या वर्गातच यायला हवेत. यावर कोणी म्हणतील, विद्यापीठाने मुलांना जिल्ह्यात कोंडायचे का? मुळीच नाही, पुण्याला जायचा हक्क कोणी काढून घेत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: घरच्या घरी चालणारी मिल एमबीए झालेल्याला पगारावर ठेवणार नाही. खरे आहे. म्हणूनच २००२ च्या कायदादुरुस्तीने शक्य झालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे बघायला हवे. तिथे मालक अनेक, म्हणून हिशेब आणि खरेदी-विक्री सांभाळणारा पगारी माणूस लागतोच. केंद्राच्या २०२० च्या योजनेत अशा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी महिना २५ हजारांपर्यंत मदत आहे. विक्रीच्या पहिल्या नोकरीच्या पगारातून पुण्यातले खोलीभाडे वजा केले, तर ही रक्कम अगदीच हलकी नाही. महाविद्यालयांची हुशारी मात्र दुसरीकडेच खर्च झाली: राज्याने २०२४ पासून बीबीएला सीईटी लावली आणि कित्येक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून ती चुकवली. एवढी हुशारी प्रकल्प-अहवालासाठी मिल किंवा अशी कंपनी निवडण्यात दिसली असती तर बरे झाले असते. अर्थात, योजनेतली पगाराची मदत तीनच वर्षांची असते. त्यानंतरचा पगार कंपनीने कमवायचा, म्हणजे त्या अधिकाऱ्यानेच धान नुसते न विकता तांदूळ करून विकायला शिकायचे.