जुनी मशागत कीं नवी घडण ?

भाताच्या गिरण्या हें गोंदियाचें खरें वैभव. गिरण्या आल्या म्हणजे त्यांचे शाफ्ट, पट्टे आणि चाळण्या दुरुस्त करणारे लेथवाले आले. आणि लेथवाले आले म्हणजे गांवांतील तरुण मंडळींच्या फटफट्या संध्याकाळीं त्यांच्या दारांत उभ्या राहावयाच्या, हेंहि ओघानेंच आलें. अशाच एका लेथावर १९९१ सालीं आमच्या परिचयाच्या एका घरांतील काकाजींच्या यामाहा आर-एक्स १०० फटफटीचें हेड अर्धा मिलिमीटर घासलें गेलें. १९८८ सालीं नवी घेतलेली ती फटफटी आज त्या घराच्या पडवींत गोणपाटाखालीं उभी आहे. आणि तिचें पुढें काय करावें या प्रश्नावरून चार भावांच्या त्या एकत्र कुटुंबांत गेले सहा महिने दोन तट पडलेले आहेत.

पुण्यास नोकरीला असलेला पुतण्या म्हणतो, गाडी तिकडे पाठवूं. तेथें इंजिन मोठें करून घेऊं, चाराऐवजीं पांच गिअर बसवूं, पुढें डिस्क ब्रेक लावूं, चौकटीचा मागचा भाग कापून आटोपशीर बैठक करूं. गाडी अशी होईल कीं रस्त्यावर लोक वळून पाहतील. काकाजींचें म्हणणें एका वाक्याचें आहे : "तिला कानशीशिवाय दुसरें हत्यार लागलेलें नाहीं, आणि लागणार नाहीं." आजींचा कोणत्याच पक्षास पाठिंबा नाहीं, दोन्ही पक्षांच्या गाडींतून धूर निघणारच, एवढाच त्यांचा आक्षेप. या वादांत मध्यस्थी करण्याची पाळी आमच्यावर आली, आणि त्या निमित्तानें जें वाचलें, पाहिलें व ताडून घेतलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें. कारण पडवींत जुनी गाडी आणि घरांत नवा पुतण्या हा योग पुष्कळ घरीं जुळून आलेला आहे.

ज्या देशांतून ही फटफटी आली त्या जपानांत हाच वाद मोटारींच्या बाबतींत केव्हांपासून चालू आहे. निसान कंपनीनें १९६९ सालीं दोन नामांकित गाड्या पुढें आणिल्या. एक स्कायलाइन जी. टी.-आर. आणि दुसरी फेअरलेडी झेड, जी परदेशांत डॅटसन २४०-झेड या नांवानें गाजली. दुसरीच्या वंशांतील एल जातीच्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा व चांगला दणकट असे. म्हणून त्या काळचे कारागीर त्याच्या मागें लागले. एल-२८ हें त्यांतील मोठें इंजिन २७५३ घन सेंटिमीटरांचें. त्याचा बोअर ८६ मिलिमीटर व पिस्टनची धांव ७९ मिलिमीटर. कारागिरांनीं बोअर ८९ पर्यंत वाढविला आणि निसानच्याच एका डिझेल इंजिनाचा ८३ मिलिमीटर धांवेचा क्रँकशाफ्ट आणून आंत बसविला. हिशेब करून पाहावा : ३०९८ घन सेंटिमीटर होतात. वर तीन मोठे दुहेरी कारब्युरेटर. डिझेलचा कणा पेट्रोलच्या देहांत घालण्याची ही युक्ति कोणा कारखानदाराची नव्हे. जें हाताशीं आहे त्यांतून जास्तींत जास्त काढण्याची ती खटपट होती. गाडी सकाळीं सुरू होतांना कुरकुरे, थंडींत रुसे, गर्दींत तापे. पण इंजिन त्याच घराण्याचें राही.

आतांची रीत निराळी. आइची प्रांतांत ओकाझाकी येथें रॉकी ऑटो नांवाची एक प्रसिद्ध कार्यशाळा आहे. जुन्या स्कायलाइनच्या व झेडच्या देहांत पुढील पिढीचीं आर. बी. जातीचीं इंजिनें बसविण्याबद्दल तिचा लौकिक आहे. या जातीचा मुकुटमणि म्हणजे १९८९ च्या स्कायलाइनमधील २५६८ घन सेंटिमीटरांचें, दोन टर्बोंचें, २८० अश्वशक्तीचें इंजिन. मूळच्या १९६९ च्या स्कायलाइनला १६० अश्वशक्ति होती हें ध्यानांत घेतलें म्हणजे फरक कळेल. शिवाय वातानुकूलन आणि चांगले ब्रेक. वरून आजोबा आणि आंतून नातू ! तिसरा एक मार्ग माझदा कंपनीनें २०१७ सालीं जाहीर केला. आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टर गाड्या मालकांकडून घेऊन, बंद पडलेले भाग पुन्हां तयार करून, त्या मूळ रूपांत आणून देणें, असा तो आहे. त्यांत कौतुक कारागिराचें नसून स्मरणशक्तीचें आहे.

या मोटारी आपल्याकडे रीतसर विक्रीस कधींच आल्या नाहींत. आयातीवर निर्बंध कडक होते, आणि १९८३ सालीं सुझुकीच्या साहाय्यानें मारुति आली ती कुटुंबवत्सल छोटी गाडी म्हणून. जपानी वेगाचें जें दर्शन आपल्या घरांस घडलें तें दोन चाकांवर. त्याच १९८३ सालीं फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनें यामाहाची आर-डी ३५० ही राजदूत ३५० या नांवानें काढिली. जपानांत ३९ अश्वशक्ति देणारें हें ३४७ घन सेंटिमीटरांचें इंजिन येथें प्रथम ३०.५ वर आणि पुढें पेट्रोल वांचावें म्हणून २७ वर उतरविण्यांत आलें. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला. आमच्याकडील त्या गाडीच्या भक्तांनीं जी खटपट केली ती बहुतेक इंजिनाची कापलेली पंखें परत लावण्याची होती. गाडी महाग, पेट्रोलास अधाशी; दशक संपतां संपतां तिचें उत्पादन थांबलें.

खरें घराघरांत शिरली ती आर-एक्स १००. नोव्हेंबर १९८५ मध्यें ती आली आणि १९९६ मध्यें थांबली. बोअर ५० मिलिमीटर, धांवहि ५० मिलिमीटर, म्हणजे अवघे ९८ घन सेंटिमीटर. ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ति. वजन शंभर किलोच्या आसपास. आंकडे वाचून कोणास भुरळ पडणार नाहीं. परंतु आमगांवच्या रस्त्यावर पहांटे तिचा तो खणखणीत आवाज ज्यानें ऐकला आहे, त्यास आंकड्यांची गरज नाहीं.

हें इंजिन द्विघाती, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यांत झडपांचा वरचा पसारा नसतो. सिलिंडरच्या भिंतींत खिडक्या असतात आणि वरखालीं जाणारा पिस्टनच त्या उघडतो व झांकतो. म्हणून कारागिराच्या हातांतील कानस येथें फार मोठी गोष्ट ठरते. धूर जाण्याच्या खिडकीची वरची कड एक मिलिमीटर चढविली कीं ती लवकर उघडते. वरच्या फेऱ्यांत इंजिन मोकळा श्वास घेतें, पण खालच्या फेऱ्यांत त्याचें बळ जातें. हेड घासलें कीं दाब वाढतो आणि त्याबरोबर उष्णताहि. सायलेन्सरची गोष्ट तर याहून मौजेची. धुराबरोबर थोडें ताजें मिश्रणहि बाहेर निसटतें. पुलाखालीं हांक मारिली असतां ती परत येते, त्याप्रमाणें नळींतून गेलेली दाबाची लाट जर वेळेवर परत आणतां आली, तर निसटलेलें मिश्रण ती पुन्हां आंत लोटते. हें गणित १९५० नंतरच्या दशकांत पूर्व जर्मनींतील झोपाउ येथें वॉल्टर काडेन या यंत्रज्ञानें बसविलें. आधीं फुगणारी व मग निमुळती होणारी नळी त्यानें अशी साधली कीं १९६१ सालीं त्याच्या १२५ घन सेंटिमीटरांच्या इंजिनांतून २५ अश्वशक्ति निघूं लागली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं त्याचा शर्यतपटु एर्न्स्ट डेग्नर पळून गेला; तो सुझुकीस जाऊन मिळाला, आणि १९६२ सालीं ५० घन सेंटिमीटरांच्या वर्गाचें जगज्जेतेपद सुझुकीच्या फटफटीवर त्यानेंच मिळविलें. ज्यास आपण जपानी विद्या म्हणतों तिच्या मुळाशीं झोपाउची एक नळी आहे. विद्या अशीच हिंडते. गोंदियाच्या लेथवाल्यानें काडेनचें नांव ऐकलें असेल असें वाटत नाहीं, पण कानस त्याच वाटेनें चालली होती.

त्या मिस्त्रीनें १९९१ सालीं काकाजींच्या गाडीवर केलें तें इतकेंच. हेड अर्धा मिलिमीटर घासलें, धुराची खिडकी चढविली, सायलेन्सरमधील जाळी काढिली, कारब्युरेटरचा जेट एक माप मोठा घातला. मजुरी किरकोळ. परिणाम असा कीं तिरोड्याच्या सरळ रस्त्यावर गाडी वारा कापीत जाई, आणि मागें तांदळाचें पोतें बांधून बाजारांतून हळूहळू यावयाचें म्हटलें कीं खोकत बसे. एकदां नागपुरास जातांना वैनगंगेच्या पुलाअलीकडे पिस्टन तापून सिलिंडरांत आवळला. काकाजी व त्यांचे मेहुणे यांनीं ऐन वैशाखांत दोन मैल गाडी ढकलली. मग बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घातला. पुढें आणखी एकदां. हे पिस्टन पाव, अर्धा, पाऊण अशा चढत्या मापांत मिळतात, आणि प्रत्येक मापाबरोबर सिलिंडरांतील लोखंड कमी होतें. म्हणजे त्या सिलिंडरावर काकाजींचें तारुण्य मिलिमीटरच्या अंशांत लिहिलेलें आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

पुतण्याच्या पक्षास आम्ही उणें लेखीत नाहीं. ब्रेकच्या बाबतींत तो सर्वस्वी बरोबर आहे. देवरीजवळ महामार्गावर ट्रकांच्या रांगेंत जुन्या ड्रम ब्रेकवर विसंबून गाडी घालणें म्हणजे धाडस नव्हे, निष्काळजीपणा. दिवे, वायरी व टायर यांविषयींहि तेंच. परंतु मोठें इंजिन, दुसऱ्या गाडीचे गिअर, कापलेली चौकट, परकीय बैठक इतकें सारें झाल्यावर टांकी आणि नांव एवढेंच जुनें उरतें. जुन्या मशागतींत कारागीर त्या एका इंजिनाची मर्यादा शोधीत असे, आणि ती सांपडली कीं इंजिन आवळून त्याला तसें सांगत असे. नव्या घडणींत मर्यादाच बाहेरून विकत आणतात. ती गाडी सुरेख होईल, पण ती कोणत्या सालाची हें कोणास सांगतां येणार नाहीं. आणि तिचें काम बिघडलें तर तें गोंदियांत दुरुस्त होईल कीं पुण्यास पाठवावें लागेल, हाहि विचार मागें राहणाऱ्यांनीं करावयाचा असतो, नोकरीस जाणाऱ्यांनीं नव्हे.

दुसरी बाजू कायद्याची आहे, आणि ती दोघांनींहि पाहिली नव्हती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रकांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें पुन्हां स्पष्ट केलें. मोठें इंजिन आणि कापलेली चौकट हा शोकाचा नसून नोंदणीचा प्रश्न आहे. दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करतांना तो पुढें येणारच. उलट जुलै २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस एक निराळा मान दिला आहे. तीस मूळ रूपांत राखलें असेल, आणि चौकट, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार नसेल, तर ऐतिहासिक वाहन म्हणून तिची वेगळी नोंदणी होऊं शकते. काकाजींची गाडी १९८८ ची. २०३८ सालीं ती पन्नाशी ओलांडील.

हें वाचून दाखवितांच काकाजींनीं विजयी मुद्रेनें पुतण्याकडे पाहिलें. तेव्हां आम्हांस नाइलाजानें बोलावें लागलें कीं, १९९१ ची कानस हाहि इंजिनांतील फेरफारच आहे. हेड बदलतां येईल, पण घासलेली खिडकी पुन्हां भरतां येणार नाहीं, आणि तो फेरफार मोठा कीं लहान हें ज्यांच्या हातीं नोंदणी त्यांनीं ठरवावयाचें आहे. काकाजी कांहीं बोलले नाहींत. आजी मात्र बोलल्या : "म्हणजे दोघेहि सारखेच."

आमचा सल्ला आम्हीं दिला तो असा. चौकटीस करवत लावूं नये. इंजिन यामाहाचें व त्याच क्रमांकाचें राहूं द्यावें. सिलिंडर अखेरच्या मापावर आला असेल तर तो उतरवून, तेल लावून, जपून ठेवावा आणि त्याच्या जागीं दुसरा मूळ मापाचा घालावा. मूळच्या नांवावर विकल्या जाणाऱ्या नकली मालापासून सावध राहावें. ड्रम ब्रेक नव्या अस्तरांनीं व नव्या तारेनें पूर्ण दुरुस्त करावा आणि ती गाडी महामार्गावर नेऊं नये. गांवांत व नवेगांवबांधच्या आंतल्या रस्त्यानें खुशाल न्यावी. पुतण्याचा डिस्क ब्रेकचा हट्ट अद्याप गेलेला नाहीं. पुढचा सबंध चिमटा बदलून जुना बांधून ठेवूं, पुन्हां बसवितां येईल, असें तो म्हणतो, आणि खरें सांगावयाचें तर या मुद्द्यावर आमचेंहि मन दोलायमान आहे.

गेल्या रविवारीं इंजिन उघडलें. जुन्या मिस्त्रीस मुद्दाम बोलावून आणिलें होतें. लेथ आतां त्याचा मुलगा चालवितो. म्हाताऱ्यास डोळ्यांनीं कमी दिसतें. सिलिंडर हातांत घेऊन त्यानें धुराच्या खिडकींत करंगळी घातली, आंतून कडेवर फिरविली, थांबला, पुन्हां फिरविली. मग काकाजींस म्हणाला, "डाव्या कोपऱ्यांत थोडें राहून गेलें होतें. त्या दिवशीं तुम्हांला घाई होती."

पुतण्यानें ती खिडकी मोबाईलच्या उजेडांत पाहिली, आणि कानस कोणत्या कोनांत धरावयाची असें त्यास विचारलें.