बूच वेळेवर सैल हवे
२०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही डॅलसला आपांकडे होतो. पारा उणे १९ अंशांवर उतरला आणि वीजही नव्हती. तिथे पोहण्याच्या तलावाचा पंप कडाक्यात चालूच ठेवतात. वाहते पाणी सहजी गोठत नाही. विजेविना पंप कसला चालणार? गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, पाइप फोडते.

दुल्हाभाईंनी आधी पंपाचा ब्रेकर पाडला. वीज अचानक आली तर कोरडा पंप जळायचा! मग बॅटरीच्या उजेडात आम्ही पंप, हीटर, फिल्टर यांची खालची बुचे काढून पाणी सोडले. फिल्टरचे बूच मात्र हलेना. बोटे बधिर झाली, तेव्हा सोडून दिले. सकाळी फिल्टरच चिरलेला; बाकी सारे शाबूत. आता दर नोव्हेंबरात आपा स्वतः बुचे सैल करून पाहतात.