वेदनेचा निरोप

दाढ ठणकू लागली म्हणजे रात्र सरता सरत नाही. अशा वेळी पिंप्राळ्यात काय किंवा दुसऱ्या कोणत्या गावात काय, घरोघरी प्रथम आठवते ती लवंग. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. त्याने दुखरी जागा थोडी बधिर होते व घटकाभर आराम पडतो. परंतु कीड तशीच राहते. ती काढण्यास दंतवैद्याकडेच जावे लागते. मात्र तेथील सुईच्या भयाने कित्येक जण घरी बसून राहतात आणि शेवटी दाढ गमावतात. मुलांनो, ती सुई काय करते हे कळले, तर हे भय पुष्कळसे ओसरेल.

दुखते दाढ, पण त्याची जाणीव होते मेंदूला. दाढेतील मज्जातंतू वेदनेचा निरोप मेंदूकडे नेतात. सोडियमचे कण सूक्ष्म द्वारांतून तंतूत शिरतात, तेव्हाच हा निरोप पुढे सरकतो. सुईतील औषध ती द्वारे काही काळ बंद करते. मग दंतवैद्याच्या हाताचा दाब जाणवतो; कळ मात्र जाणवत नाही. औषध त्याच जागी अधिक वेळ टिकावे, म्हणून त्यात बहुधा ॲड्रिनॅलिन मिसळतात. त्यामुळे तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

हे सुख सहजासहजी लाभलेले नाही. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो, हे स्वतःच्या डोळ्यावर पडताळून पाहिले. लवकरच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड व त्यांचे सहकारी यांनी मज्जातंतूजवळ कोकेन टोचून जबडा बधिर केला. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले आणि त्यापायी हॉल्स्टेड यांना कोकेनचे व्यसन जडले. तेव्हा व्यसन न लावणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला. १९०५ साली जर्मनीत प्रोकेन वापरात आले. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. आज आपल्याकडील दंतवैद्य बहुधा हेच औषध वापरतात.

सुई घेतल्यावर ओठ व गाल दोन-तीन तास बधिर राहू शकतात. तेवढ्या वेळात काही चावून खाऊ नये व कढत चहा पिऊ नये. ओठ दाताखाली सापडला किंवा जीभ भाजली, तरी ते कळत नाही. यावरूनच वेदनेचे महत्त्व ध्यानी येते. ती शत्रू नव्हे, सूचना देणारी आहे. तिचा निरोप येताच वेळेवर दंतवैद्याकडे जावे, हेच शहाणपणाचे.