दीड लाखांतली एक: जपानी कूपेच्या भावाचा हिशेब

३ लाख १० हजार डॉलर. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन लिलावात १९७१ सालच्या डॅटसन २४० झेड या दोन दारांच्या जपानी कूपेवर ही शेवटची बोली लागली. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे २ कोटी २० लाख रुपये होते. १९७० मध्ये हीच गाडी अमेरिकेत नवी कोरी ३,५२६ डॉलरला मिळत होती. भाव ८८ पट झाला.

८८ पट हा आकडा दिसतो त्यापेक्षा लहान आहे. ४९ वर्षांत विभागला तर वार्षिक चक्रवाढ दर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. त्याच काळात अमेरिकेतली महागाई वर्षाला चार टक्क्यांच्या किंचित खाली राहिली. सोन्याचा डॉलरमधला भाव सुमारे ३८ पट झाला. गाडीने सोन्याला मागे टाकले हे खरे, पण सोन्याला टायर लागत नाहीत, विमा लागत नाही आणि गॅरेजही लागत नाही. ४९ वर्षांचा तो खर्च या साडेनऊ टक्क्यांतून अजून वजा झालेला नाही.

मुद्दा वेगळाच आहे. २४० झेड ही दुर्मिळ गाडी नव्हे. १९६९ ते १९७३ या काळात, डॅटसन नावाने गाड्या विकणाऱ्या निसानने ती दीड लाखांहून अधिक संख्येने बनवली. दुर्मिळ होता तो ओडोमीटरवरचा आकडा. या गाडीचे एकूण रनिंग सुमारे २१ हजार मैल, म्हणजे ३४ हजार किलोमीटरच्या आत-बाहेर. वर्षाला सातशे किलोमीटरही नाही, दिवसाला दोनपेक्षा कमी. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरहून लोणारला महिन्यातून एकदा जाऊन यावे, एवढेच ते चालणे.

याच मॉडेलची चालती, नीटनेटकी, पण रोजच्या वापरातून गेलेली गाडी तीस-चाळीस हजार डॉलरला मिळते. मूळ किमतीच्या साधारण दहा पट. महागाईनेच त्यातले सहा पटींहून जास्त खाल्ले आहे. म्हणजे सामान्य मालकाच्या हाती अर्धशतकात खऱ्या अर्थाने दीड पट आले, तेही देखभालीचा खर्च धरण्याआधी. कारखाना एकच, साचा एकच, तरी दहा पट आणि ८८ पट यांत जे अंतर पडले ते जपणुकीमुळे. जुन्या गाडीला ‘गुंतवणूक’ म्हणणारी मंडळी उदाहरण नेहमी दुसऱ्या गाडीचे देतात आणि विकायला पहिली काढतात.

संख्या कमी तर भाव जास्त, हा नियम जपानी कूपेंच्या बाबतीत सरळ चालत नाही. टोयोटाने यामाहाच्या मदतीने बनवलेली २०००जीटी १९६७ ते १९७० दरम्यान, प्रायोगिक नमुने धरून, ३५१ निघाली. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात तिची एक प्रत ११ लाख ५५ हजार डॉलरला गेली. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी रेसर कॅरल शेल्बीच्या चमूने शर्यतीत उतरवलेली २०००जीटी २५ लाख ३५ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने १९ कोटी रुपयांच्या वर. पण निसानची १९७३ सालची स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे ‘केनमेरी’, फक्त १९७ बनली आणि तिचे भाव २०००जीटीच्या खालीच राहिले. संख्या निम्म्याच्या जवळ, भाव मात्र वर नाही.

दुसरी जोडी याहून बोलकी आहे. माझ्दाची कॉस्मो स्पोर्ट, दोन रोटरच्या इंजिनावर मालिकेत बनलेली पहिली मोटार, १९६७ ते १९७२ या काळात एकूण १,१७६ निघाली: पहिल्या मालिकेत ३४३, दुसऱ्या मालिकेत ८३३. ‘हाकोसुका’ नावाने ओळखली जाणारी, केनमेरीच्या आधीच्या पिढीतली दोन दारांची स्कायलाइन जीटी-आर १,१९७ निघाली. फरक २१ गाड्यांचा, टक्केवारीत दोनपेक्षा कमी. तरी हाकोसुकाचा भाव कॉस्मोच्या साधारण दुप्पट असतो. तांत्रिक वेगळेपण कॉस्मोकडे जास्त आहे. पण १९६९ ते १९७२ दरम्यान जपानच्या ट्रॅकवर स्कायलाइन जीटी-आरने पन्नासच्या आसपास शर्यती जिंकल्या आणि बोली लावणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या शाळकरी वयात पाहिल्या किंवा ऐकल्या होत्या. किमतीत ते वय धरलेले आहे.

केनमेरीच्या १९७ या आकड्याबद्दल एक दुरुस्ती. तेलसंकटामुळे ती बंद पडली, असे सर्रास सांगितले जाते. तेलसंकट ऑक्टोबर १९७३ चे. गाडी जानेवारीत आली आणि एप्रिलपर्यंत थांबली. तिला थांबवले ते त्याच वर्षी लागू झालेल्या धुराच्या नव्या नियमांनी. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट मोडते.

२४० झेडच्या त्या विक्रीच्या महिन्यातच, जानेवारी २०२० मध्ये, टोकियोतल्या एका लिलावात तिचीच सख्खी बहीण फेअरलेडी झेड ४३२ आर ही ८ कोटी ८५ लाख ५० हजार येनला गेली, म्हणजे पावणेसहा कोटी रुपयांच्या आसपास. बाहेरून पत्रा जवळपास तोच. आत शर्यतीच्या स्कायलाइनचे इंजिन आणि हलके केलेले अंग. झेड ४३२ हा प्रकारच चारशेवीसच्या आसपास बनला आणि ‘आर’ त्यातही मोजक्या. एकाच महिन्यात एकाच आकाराच्या दोन गाड्या: एक कारखान्याने कमी बनवली म्हणून महाग, दुसरी मालकाने कमी वापरली म्हणून महाग. पहिलीवर खरेदीदाराचा इलाज नाही. दुसरीवर मालकाचा असतो.

मग जपलेल्या गाड्या इतक्या कमी का? एक उत्तर हवामानात आहे, दुसरे करात. जपानमध्ये नव्या गाडीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी होते, पुढे दर दोन वर्षांनी. पेट्रोल गाडीला १३ वर्षे झाली की वार्षिक वाहन कर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. वजनावरचा कर १३ व्या आणि पुन्हा १८ व्या वर्षी चढतो. म्हणजे गाडी जितकी जुनी तितकी ठेवायला महाग. बहुतेक मालक अशा टप्प्यावर ती काढून टाकतात. अमेरिकेत हा दबाव कमी, पण थंडीत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पत्रा गंजतो. २४० झेडचा फ्लोअर आणि बॅटरीखालचा ट्रे या दोन जागा आधी जातात. खरेदीदार वाकून पाहतो त्या याच.

तिसरी जागा डॅशबोर्ड. फोमवर ताणलेले व्हिनाइल उन्हाने आकसते आणि वरच्या बाजूला चिरते. चीर नसलेला मूळ डॅशबोर्ड ही गाडी सावलीत राहिल्याची खूण मानली जाते. चौथी तपासणी पट्टीवरची: चॅसी नंबर फायरवॉलवर कोरलेला असतो आणि इंजिनाच्या खोलीतल्या धातूच्या पट्टीवर चॅसी नंबर व इंजिन नंबर दोन्ही असतात. ब्लॉकवरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळला तर गाडीचे इंजिन बदललेले नाही. पन्नास वर्षांत इंजिन न बदललेली गाडी म्हणजे कमी चाललेली किंवा नीट सांभाळलेली. भावातली मोठी तफावत या दोन आकड्यांच्या जुळण्यावर बसते, रंगाच्या चकाकीवर नाही. नवा रंग तर शंकाच वाढवतो.

आता अशी गाडी विकायला आहे आणि घेणारा बुलढाणा जिल्ह्यातला आहे, असे धरू. पहिला प्रश्न ती देशात येऊ शकते का हा. वापरलेली मोटार आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, अशा अटी आहेत. दुसरा दरवाजा व्हिंटेजचा. आधी तो १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांपुरता होता. २०२५ च्या सुरुवातीला केंद्राने तो ५० वर्षांवरच्या गाड्यांना उघडला आणि ही रेषा आता दरवर्षी पुढे सरकते. वर आलेल्या सगळ्या कूपे १९७३ किंवा त्याआधीच्या, म्हणजे सगळ्या रेषेच्या आत. पण ३ आणि ५० यांच्या मधली ४७ वर्षे रिकामी आहेत. १९८३ ते १९८७ दरम्यान बनलेली टोयोटा एई८६ ही कूपे आज जगभर हौशी मंडळींत मागणीची आहे. तिच्यासाठी या दरवाजासमोरची प्रतीक्षा २०३३ पासून सुटायला लागेल.

दुसरा प्रश्न पैशाचा. वापरलेल्या मोटारीवरचे मूळ सीमाशुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात १२५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आले. मथळ्यात ही ५५ अंकांची घट आहे. सोबत ६७.५ टक्के कृषी पायाभूत उपकर आला आणि शुल्कावरचा दहा टक्के अधिभार गेला. आधी १२५ अधिक १२.५, आता ७० अधिक ६७.५. दोन्ही बेरजा १३७.५. खरी घट झाली ती सप्टेंबर २०२५ मध्ये, जीएसटीच्या बाजूने: १,५०० सीसीवरच्या मोठ्या मोटारीवर आधी २८ टक्के आणि २० टक्के उपकर असे ४८ टक्के लागत, आता ४० टक्के. बंदरावर १ कोटी रुपये मूल्य ठरलेल्या गाडीचा हिशेब असा: आधी ३ कोटी ५१ लाख ५० हजार, आता ३ कोटी ३२ लाख ५० हजार. आधीच्या तुलनेत १९ लाखांनी कमी, टक्क्यांत साडेपाचच्या आत.

डॉलर ८८ रुपये धरला तर ३५ हजार डॉलरची साधी चांगली २४० झेड ३० लाख ८० हजारांची होते. कर भरून ती १ कोटी २ लाखांवर जाते. जहाजाचे भाडे आणि राज्याचा वाहन कर वेगळा. परदेशात नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळणारी वस्तू इथे कोटीची होते आणि त्या कोटीतले ७० टक्के कर असतात.

तिसरा प्रश्न नोंदणीचा, आणि इथे आकडे मालकाच्या बाजूने वळतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात ठेवलेली, मोठे फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणी ५ हजार. वर्षाला २ हजार रुपये पडतात. याउलट २० वर्षांवरच्या आयात मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ४० हजारांवरून ८० हजार झाले, पाच वर्षांसाठी. वर्षाला १६ हजार. ४९ वर्षांची आयात गाडी १६ हजारांच्या दराने, ५० वर्षांची २ हजारांच्या दराने. वयाच्या एका वर्षाने खर्च आठव्या हिश्शावर येतो.

व्हिंटेज नंबरप्लेटवर राज्याचे ‘एमएच’ राहते, पुढे ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे. बुलढाण्याचा २८ त्यात नसतो. मोठी किंमत मात्र वापरात मोजावी लागते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती आणि त्यांसाठीची ये-जा एवढ्याच कारणांनी अशी गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. मेहकरला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला आहे. कोटीची कूपे त्यावरून रॅलीला नेता येईल. शनिवारी संध्याकाळी घरच्यांना घेऊन लोणारला नेता येणार नाही.

म्हणून मेहकरच्या वाचकाने २४० झेडची जाहिरात पाहावी आणि सोडून द्यावी, असे माझे मत आहे. जपानी वाणाची, जपण्याजोगी गाडी शोधायचीच असेल तर ती बंदरावर नाही, तालुक्यात आहे. सुझुकीच्या आराखड्यावर बनलेली पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती गेली. इंजिन ७९६ सीसी, किंमत ४७,५०० रुपयांच्या घरात. जानेवारी २०१४ पर्यंत ८०० च्या सुमारे २८ लाख ७० हजार गाड्या बनल्या. चौकोनी घडणीचे पहिले एसएस-८० मॉडेल मात्र १९८६ मध्येच बदलले. पहिली तीनेक वर्षेच तिची.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८३ ची गाडी पन्नाशीला पोहोचेपर्यंत सात नूतनीकरणे होतात: १९९८ पासून २०२८ पर्यंत. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीसाठी ते शुल्क आता ५ हजारांवरून १० हजार झाले आहे. कायद्याच्या नजरेत १५ ते ५० ही ३५ वर्षे गाडी फक्त जुनी असते, जपण्याजोगी नसते. दीड लाखांतली एक उरते आणि बाकीच्या भंगारात जातात त्या याच पट्ट्यात.

गोठ्याच्या कडेला किंवा वाड्याच्या ओसरीत एसएस-८० उभी असेल तर आरसीवरची नोंदणीची तारीख पाहा, इंजिन नंबर कागदाशी जुळतो का ते पाहा, आणि मेकॅनिकने नवे इंजिन सुचवले तर जुने दुरुस्त करून मागा. पहिल्या गाड्या व्हिंटेज नोंदणीला पात्र होतील त्या डिसेंबर २०३३ मध्ये.