निवासी शाळा कशी पारखावी?

ऊर्जानगरसारख्या वसाहतीतून मुलाला निवासी शाळेत घालताना पालक आधी इमारत आणि निकाल पाहतात. पण चांगल्या शाळेची खूण वेगळीच असते. उदाहरणार्थ, गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा इथे लोक बिरादरी प्रकल्प 1973 साली सुरू झाला आणि 1976 मध्ये तिथे आश्रमशाळा उघडली. जंगलातल्या गावांतून आलेल्या मुलांची बोली माडिया, पुस्तकं मात्र मराठीत. म्हणून आधी मुलांची बोली समजून घेणं आणि त्यांना रुळवणं महत्त्वाचं ठरलं. प्रकल्प चालवणारे डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांची मुलंही याच शाळेत शिकली. चालकांचा शाळेवर किती विश्वास आहे, हे यावरून कळतं. शेजारीच प्रकल्पाचा दवाखाना असल्याने हिवताप झालेल्या मुलावर लगेच उपचार होतात.

प्रवेशापूर्वी एवढं जरूर पाहा: गुरुजी आवारातच राहतात का? रात्री मूल आजारी पडलं, तर उठतं कोण? जेवण पोटभर, ताजं मिळतं का? मुलींची न्हाणीघरं सुरक्षित आहेत का? तक्रार केलेल्या मुलाचं ऐकून घेतात का? ही उत्तरं समाधानकारक असतील, तरच मूल निर्धास्तपणे ठेवावं.